न्हावा-शेव्याचा धक्का आणि शर्यतीच्या मोटारींचीं घराणीं

मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या बेटापलीकडे, उरण तालुक्याच्या किनाऱ्यावर न्हावा आणि शेवा हीं गांवें आहेत. मिठागरें, भातखाचरें आणि कोळ्यांच्या होड्या एवढाच या भागाचा पसारा दीर्घकाळ होता. १९८९ सालच्या मे महिन्याच्या २६ तारखेस येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि ज्या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत असत त्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर साऱ्या जगाचा माल उतरूं लागला. २००१ सालीं परदेशीं बनलेल्या नव्या मोटारींच्या आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले. परंतु अटी राहिल्या. मोटार जेथें तयार झाली त्याच देशांतून ती आली पाहिजे. तिचें सुकाणूं-चक्र उजव्या हाताला पाहिजे. वेगमापक किलोमीटरांत पाहिजे. दिवे रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालणाऱ्या रहदारीस योग्य पाहिजेत. आणि नेमून दिलेल्या बंदरांखेरीज अन्यत्र ती उतरतां कामा नये. त्या नेमलेल्या बंदरांच्या यादींत न्हावा-शेव्याचें नांव आहे. इटलींतील किंवा जर्मनींतील एखादी शर्यतीच्या घडणीची मोटार मुंबईच्या रस्त्यावर दिसते, तेव्हां तिनें या देशांतील पहिला श्वास पुष्कळदां कोंकणच्या खाऱ्या वाऱ्यांत घेतलेला असतो.

मात्र अशा मोटारीकडे सुटी वस्तु म्हणून पाहून चालत नाहीं. तिच्या मागें तिचें घराणें असतें. ती कोणत्या नमुन्याच्या वर आणि कोणत्याच्या खालीं, तिचा जन्म केव्हां व निवृत्ति केव्हां, तिची शक्ति किती वाढूं द्यावयाची आणि कोठें रोखावयाची, हें सर्व आगाऊ ठरलेलें असतें. कित्येक नामांकित कारखाने उत्तम मोटारी बनवीत असतांनाच डबघाईस आले, तें या मांडणींतील चुकीमुळें. आणि जे तरले ते ती मांडणी वेळींच बदलल्यामुळें.

नमुन्यांचे असे प्रकार पाडणें रायगडच्या किनाऱ्याला अपरिचित नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं कान्होजी आंग्रे यांच्या आरमारांत गुराब आणि गलबत असे दोन प्रमुख प्रकार होते. गुराब जड, दोन-तीन डोलकाठ्यांची आणि नाळेवर तोफा असलेली; गलबत हलकें, वल्ह्यांवर चालणारें, आणि वारा पडला कीं गुराबेला ओढून नेणारें. त्यांतला भेद कामानें ठरविलेला होता. शर्यतीच्या मोटारींत गोष्ट निराळी आहे. तेथें दोन नमुन्यांचें काम पुष्कळदां एकच असतें. भेद असतो तो मानाच्या पायरीचा, आणि तो कारखानदाराला प्रयत्नपूर्वक राखावा लागतो.

फेरारीच्या घराण्याचा आरंभ १९४७ मधील १२५ एस या मोटारीपासून होतो. एंझो फेरारी यांचें चित्त शर्यतींत होतें. रस्त्यावरच्या मोटारी विकावयाच्या त्या शर्यतींचा खर्च भागावा म्हणून. त्यांच्या नांवाची प्रतिष्ठा बारा सिलिंडरांच्या एंजिनाशीं जोडली गेली होती. पुढें सहा सिलिंडरांची, लहान आणि स्वस्त मोटार काढण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं एक विलक्षण युक्ति केली. १९५६ मध्यें अकालीं वारलेला त्यांचा मुलगा आल्फ्रेदो, लाडकें नांव दिनो, याचें नांव त्या मोटारीला दिलें आणि तिच्यावर फेरारीची मुद्रा लाविलीच नाहीं. खालची पायरी तर बांधली, पण घराचें नांव वरच्या मजल्यावरच ठेवलें. बापाचें दुःख आणि व्यापाऱ्याची सावधगिरी यांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो.

दिनोनें सिद्ध केलें कीं खालच्या पायरीलाहि गिऱ्हाईक आहे. मग १९७५ मध्यें आठ सिलिंडरांची ३०८ जीटीबी आली ती फेरारीच्या मुद्रेनिशींच. तिच्यापासून एक सरळ वंशावळ निघते: ३२८, ३४८, एफ३५५, ३६० मोडेना, एफ४३०, ४५८, ४८८. दर पांच-सहा वर्षांनीं नवी पिढी. आणि पुढच्या बहुतेक पिढ्यांत आधीं बंद टपाची, मग उघड्या टपाची, आणि शेवटीं वजन घटवून शक्ति वाढविलेली आवृत्ति. २०२१ सालची २९६ जीटीबी पुन्हां सहा सिलिंडरांची निघाली. पण तिला विजेच्या मोटरची जोड असून दोहोंची मिळून शक्ति ८३० अश्वशक्ति होती. आतां मुद्रा लपविण्याचें कारण उरलें नव्हतें. जी गोष्ट दिनोच्या काळीं उणेपणाची मानली जाई, ती अर्धशतकानंतर नव्या विद्येची खूण म्हणून मिरवूं लागली.

या वंशावळींतील एक मोटार महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक झाली. २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांनीं २९ वें कसोटी शतक करून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हां फियाटतर्फें मायकेल शूमाकर यांच्या हस्तें त्यांस ३६० मोडेना देण्यांत आली. पुढल्या वर्षीं तिच्या जकातीचा वाद उठला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि अखेर जकात फियाटनें भरली. त्या गदारोळांत एक गोष्ट कोणाच्या फारशी ध्यानांत आली नाहीं: ४०० अश्वशक्तीची ती मोटार फेरारीच्या त्या वेळच्या शिडीची सर्वांत खालची पायरी होती. तिच्या वर बारा सिलिंडरांच्या मोटारी होत्या, आणि त्यांच्याहि वर त्याच वर्षीं आलेली, अवघी ४०० बनविलेली ‘एंझो’. मागणी असेल त्याहून एक मोटार कमी बनवावी, हें एंझो फेरारी यांचें धोरण म्हणून सांगितलें जातें. शिखरावरच्या या मोटारी त्याच धोरणाच्या अपत्य होत. त्यांच्या विक्रीनें तिजोरी भरते त्यापेक्षां त्यांच्या दुर्मिळतेनें खालच्या पायऱ्यांचा भाव अधिक वाढतो.

पायऱ्या रचण्याच्या या विद्येंत सर्वांत शिकण्याजोगा इतिहास पोर्शेचा आहे. १९४८ ची ३५६ ही त्यांची पहिली मोटार. तिची वारस १९६३ मध्यें फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ९०१ या नांवानें मांडली गेली. मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर प्यूझो कंपनीनें हक्क सांगितला, म्हणून तिचें नांव ९११ झालें. नवी मोटार महाग पडते असें दिसतांच १९६५ मध्यें तिच्याच सांगाड्यांत जुन्या ३५६ चें चार सिलिंडरांचें एंजिन बसवून ९१२ काढण्यांत आली. ही पायरी सोयीची होती. परंतु कारखान्यांतील पुष्कळांचें मत असें कीं पाठीमागें एंजिन आणि हवेनें थंड होण्याची रचना हा मार्ग आतां संपला. म्हणून १९७७ मध्यें ९२८ आली: एंजिन पुढें, आठ सिलिंडर, पाण्यानें थंड होणारी. हळूहळू हिनें ९११ ची जागा घ्यावी अशी योजना होती.

गिऱ्हाइकांनीं ती मानली नाहीं. ९२८ ची वाखाणणी झाली, पण लोकांनीं जीव लावला तो ९११ वरच. १९८१ मध्यें पीटर शुट्झ कारखान्याचे प्रमुख झाले. अभियंते हेल्मुट बोट यांच्या कचेरींत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर इतर नमुन्यांच्या रेघा पुढल्या वर्षांत जात होत्या आणि ९११ ची रेघ मात्र थांबली होती. शुट्झ यांनीं लेखणी उचलून ती रेघ तक्त्याच्या कडेपलीकडे भिंतीवर ओढीत नेली, ही हकीगत त्यांनींच पुढें सांगितली आहे. ९२८ १९९५ मध्यें बंद झाली. ९११ अद्याप चालू आहे. ज्या मोटारीवर घराण्याची ओळख उभी असते तिला निवृत्त करण्याचा अधिकार कागदोपत्रीं कारखानदाराचा असला, तरी व्यवहारांत तो त्याच्या हातीं राहत नाहीं.

तथापि केवळ निष्ठेवर कारखाना चालत नाहीं. १९८० नंतरच्या भरभराटींत वर्षाला पन्नास हजारांवर मोटारी विकणारी ही कंपनी १९९२-९३ मध्यें सुमारें चौदा हजारांवर आली. ती कोणी तरी गिळंकृत करणार, अशीं भाकितें होऊं लागलीं. वेन्डेलिन वीडेकिंग यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, कारखान्यांतील उधळपट्टी काढून टाकण्यासाठीं जपानी तज्ज्ञ बोलाविले, आणि एकाच खर्चांत दोन पायऱ्या बांधण्याचा घाट घातला. १९९६ मध्यें लहान बॉक्स्टर आली आणि पाठोपाठ १९९७ मध्यें पाण्यानें थंड होणारी नवी ९११. दोघींचीं पुढचीं दारें, पुढचा बराचसा भाग आणि दिवे सारखेच होते. खर्च वांचला आणि कारखानाहि वांचला. परंतु पुष्कळ अधिक पैसे मोजणाऱ्याला आरशांत पाठीमागून येणारी स्वस्त बॉक्स्टर आपल्याच मोटारीसारखी दिसूं लागली, आणि तक्रारींचा पाऊस पडला. कांहीं वर्षांतच ९११ चें तोंड बदलून तिला वेगळे दिवे देण्यांत आले. नूतनीकरण म्हणून जें जाहीर होतें त्याच्या पोटीं कित्येकदां अशी एखादी दुरुस्ती दडलेली असते.

२००५ मध्यें केमन आली, तेव्हां हा धडा कंपनीनें पाठ केलेला दिसतो. एंजिन मध्यभागीं असल्यामुळें वळणावर ती उपजतच चपळ. शक्ति वाढविली असती तर ९११ ला तिनें घरच्या घरीं मागें टाकलें असतें. म्हणून केमन एसला २९५ अश्वशक्ति दिली, तर त्या वेळच्या साध्या ९११ ला ३२५. धाकट्यानें थोरल्यापुढें जाऊं नये हा एकत्र कुटुंबाचा नियम येथें अश्वशक्तीच्या मापानें पाळलेला आहे.

या सर्वांहून मोठा वाद झाला तो २००२ सालच्या केयेनवरून. पांच माणसांची, उंच बांध्याची, फोक्सवागेनबरोबर मिळून आंखलेली ही गाडी शर्यतीच्या घराण्याला कलंक आहे असें जुन्या चाहत्यांनीं म्हटलें. त्यांच्या संतापांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु आंकडेहि बोलतात: २०२३ मध्यें पोर्शेनें जगभर ३,२०,२२१ मोटारी दिल्या, त्यांत ९११ होत्या ५०,१४६. केयेन आणि तिची धाकटी बहीण माकान यांच्या मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास होत्या. ज्या मोटारीच्या इभ्रतीवर बाकीच्या विकल्या जातात तिचा पोशिंदा आतां याच बाकीच्या मोटारी झाल्या आहेत.

लाम्बोर्गिनीनें हाच मार्ग उशिरा पण अधिक धिटाईनें धरला. ट्रॅक्टर बनविणाऱ्या फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांनीं १९६३ मध्यें स्थापिलेला हा कारखाना कित्येक मालकांच्या हातून गेला आणि १९९८ मध्यें औडीकडे आला. त्यानंतर शिडी रीतसर बांधली गेली. वर बारा सिलिंडरांची मुर्सिएलागो, खालीं २००३ पासून दहा सिलिंडरांची गॅलार्दो. दहा वर्षांत गॅलार्दो १४,०२२ निघाल्या. तिच्या आवृत्तींची गणती ठेवणें चाहत्यांनाहि कठीण जाई. केवळ भारतासाठीं तिरंगी पट्ट्याची एक मोजकी आवृत्तिहि काढण्यांत आली होती. अशा आवृत्तींत यंत्राचा भाग थोडा आणि रंगाचा, शिलाईचा व क्रमांकाच्या पट्टीचा अधिक असतो. तरीहि वयस्क होत चाललेल्या नमुन्याचा भाव त्या टिकवून धरतात, आणि त्या अवधींत कारखान्याला पुढच्या पिढीवर निवांतपणें काम करतां येतें.

डिसेंबर २०१७ मध्यें तिसरी पायरी आली, ती उरूस. या नांवाचा दर्ग्याच्या उरुसाशीं संबंध नाहीं; युरोपांतून नामशेष झालेल्या रानबैलाचें तें नांव आहे. पुढल्याच महिन्यांत ती भारतांत तीन कोटि रुपये मूळ किंमतीला जाहीर झाली. ज्या कारखान्याच्या मोटारी तोंवर येथें हौसेच्या चार-दोन फेऱ्यांसाठीं घेतल्या जात, त्याची गाडी आतां सहकुटुंब प्रवासाला निघाली. २०२३ मध्यें लाम्बोर्गिनीनें जगांत १०,११२ मोटारी दिल्या, त्यांपैकीं ६,०८७ उरूस होत्या. त्या वर्षीं भारतांत या कारखान्याच्या १०३ मोटारी खपल्या.

याचें कारण समजण्यास अलिबागचा रस्ता पुरे आहे. मुंबईच्या धनिकांचे बंगले मांडवा, किहीम, आवास या पट्ट्यांत आहेत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. परंतु बोटीच्या फळीवरून चढतांना व उतरतांना, आणि पुढें नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवरील गतिरोधकांवरून, जमिनीला चार बोटें उरणारी मोटार नेणें म्हणजे शिक्षाच. सेतूवर रस्ता सरळ व गुळगुळीत, तर तेथें वेगाची मर्यादा ताशीं १०० किलोमीटर. ताशीं ३०० धांवणाऱ्या मोटारीच्या दोनतृतीयांश वेगाला या किनाऱ्यावर कायद्यानें जागाच नाहीं. तो वेग घेणारा घेतो तो धांवण्याकरितां नव्हे. आपल्या मोटारीची पायरी कोणती, याचा तो दाखला असतो. कारखानदार हें ओळखून असतात. म्हणूनच उंच बांध्याच्या गाडीलाहि ते शर्यतीच्या मोटारीचा वेग देतात.

फेरारीनें या बाबतींत सर्वांत अधिक काळ संयम राखिला. २०२२ मध्यें तिची चार दारांची पुरोसांग्वे आली ती बारा सिलिंडरांचें एंजिन घेऊन, म्हणजे थेट वरच्या मजल्यावर. आणि एकूण उत्पादनाच्या सुमारें पांचव्या हिश्श्याहून अधिक ती बनवावयाची नाहीं असें कंपनीनें आधींच ठरविलें. दिनोच्या वेळची सावधगिरी येथें पुन्हां दिसते, फक्त उलट्या बाजूनें.

न्हावा-शेव्याच्या दारांत या शिडीची एक पायरी मात्र अडते. उजव्या हाताच्या चक्राची अट फेरारीच्या शिखरावरील मोटारी पाळीत नाहींत: एफ४०, एफ५०, एंझो, लाफेरारी या सर्व डाव्या हाताच्याच चक्रानिशीं तयार झाल्या. पोर्शेची ९१८ स्पायडरहि तशीच. हिंदुस्थानी गिऱ्हाइकानें कितीहि पैसे मोजले, तरी रीतसर आयातीच्या मार्गानें शिखर त्याच्या हातीं येत नाहीं. त्यांत भर जकातीची: २०१३ च्या अंदाजपत्रकानें महागड्या परदेशी मोटारींवरील जकात ७५ टक्क्यांवरून १०० टक्के केली. परिणाम असा झाला कीं युरोपांत जी मोटार शिडीच्या तळाची, ती मुंबईस पोंचेपर्यंत किंमतीनें तेथल्या मधल्या पायरीस भिडे.

मग अशी मोटार येथेंच कां बनवूं नये, हा प्रश्न मराठी मुलखांतहि पुढें आला. गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची छोटी मोटार निघाली; रेनॉचें ११४९ घन सेंटिमीटरचें एंजिन, शक्ति सुमारें ६० अश्वशक्ति. पुढें मुंबईचे रचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीनें जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत अवंती मांडली. एंजिन मध्यभागीं, पुन्हां रेनॉचेंच, दोन लिटरचें. शक्ति २५० अश्वशक्ति. किंमत परदेशी मोटारींच्या मानानें पुष्कळच कमी. रूप पाहून लोक थबकले. पण अवंतीच्या वर कांहीं नव्हतें आणि खालींहि कांहीं नव्हतें. जिच्या लौकिकावर ती विकावी अशी थोरली बहीण नाहीं, आणि जी विकून तिचा खर्च भागवावा अशी धाकटी नाहीं. एकट्या पायरीची शिडी उभी राहणें अवघडच होतें. याच्या नेमकें उलट महिंद्रांनीं केलें. त्यांनीं २०१५ मध्यें इटलीचें पिनिनफारिना हें जुनें रचनागृह घेतलें, आणि २०१९ मध्यें जिनीव्हा येथें विजेवर चालणारी, १९०० अश्वशक्तीची, अवघ्या १५० बनवावयाची बातिस्ता दाखविली. म्हणजे आधीं कळस.

जॅग्वारची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि तिचें एक टोक मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्यें आहे. १९६१ च्या ई-टाइपनें ज्या घराण्यास कीर्ति दिली त्याला फोर्डच्या मालकीखालीं २००१ मध्यें खालची पायरी मिळाली, ती एक्स-टाइप. बॉक्स्टरनें पोर्शेला तारलें होतें. एक्स-टाइपनें जॅग्वारला तारलें नाहीं, कारण तिचा पाया फोर्डच्या साध्या मोंडेओचा होता आणि तें गिऱ्हाइकांना ठाऊक होतें. बॉक्स्टर लहान असली तरी अस्सल पोर्शे होती. २००८ मध्यें टाटांनीं जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून सुमारें २३० कोटि डॉलरांस विकत घेतल्या. २०१३ मध्यें एफ-टाइप ही दोन आसनांची मोटार आली आणि ई-टाइपचा तुटलेला धागा पुन्हां जुळला असें वाटलें.

तथापि जर्मन कारखान्यांशीं संख्येंत बरोबरी साधेना. २०२१ च्या फेब्रुवारींत कंपनीनें जाहीर केलें कीं जॅग्वार यापुढें केवळ विजेच्या मोटारी बनवील. २०२४ मध्यें एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप यांचें उत्पादन थांबलें आणि वर्षाअखेरीस इंग्लंडांत, स्वतःच्या घरींच, नव्या जॅग्वारची विक्री बंद झाली. एखादी पायरी बदलण्याऐवजीं सगळी शिडीच उतरवून ठेवण्याचा असा प्रकार या धंद्यांत क्वचितच झाला असेल. त्याच डिसेंबरांत मायामी येथें टाइप ०० नांवाचा नमुना दाखविण्यांत आला: लांब नाकाचा, पाठीमागें कांच नसलेला, पूर्वींच्या जॅग्वारहून दुप्पट किंमतीच्या वर्गांत बसावा असा. त्या नमुन्याला दोन दारें होतीं. विक्रीला येणारी पहिली मोटार मात्र चार दारांची असेल, असें कंपनीनें त्याच वेळीं सांगून ठेविलें.